बाईची लेक

माझ्या आईला एकच मुलगी होती, ही गोष्ट गावात बहुधा मला एकटीलाच पटलेली होती. बाकी कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की बाईच्या लेकी काय, पुष्कळ आहेत.

बाई म्हणजे माझी आई. पाथरीच्या अलीकडच्या एका बाजाराच्या गावी मिशनचा छोटा दवाखाना होता, तिथली ती नर्स. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. मी चार वर्षांची असताना ते तापानं गेले, त्यामुळे त्यांचा मला फक्त आवाज आठवतो. आई इंग्रजी मुलखात जाऊन नर्सिंग शिकून आली होती आणि परत मोगलाईत येऊन राहिली होती. निजामाच्या राज्याला आमच्याकडे मोगलाईच म्हणत. दवाखान्याच्या मागं दोन खोल्या, त्यात आम्ही दोघी. दोघी हे म्हणायचं म्हणून. मी लग्न होऊन जाईपर्यंत त्या घरात आम्ही दोघीच असे सलग आठ दिवस गेल्याचं मला आठवत नाही.

ज्याला कुणी नाही तो आमच्याकडे. लेकांनी बाजारात सोडून दिलेली म्हातारी, उकळतं तेल सांडून छाती भाजलेली पोर, नवऱ्यानं टाकलेली मुकी बाई. दवाखान्यात ठेवायला खाटा नव्हत्या, म्हणून ही सगळी माणसं आतल्या खोलीत यायची आणि मी बाहेरच्या खोलीत जायची. माझी वाकळ त्यांच्या अंगावर, माझी ताटली त्यांच्यापुढं. कुरकुर केली की आई म्हणायची, "तिला कोण हाय? तुला मी हाय की." मला हसावं की रडावं कळायचं नाही. कारण मला जे नव्हतं ते नेमकं तेवढंच होतं.

रविवारी उपासनेत पाळकसाहेब त्या वाटेत पडलेल्या जखमी माणसाची आणि त्याला आपल्या जनावरावर घालून नेणाऱ्या परक्या वाटसरूची गोष्ट सांगत. पाळकसाहेबांचा आवाज भरून येई आणि सगळ्या बाया हळूच आईकडे बघत. मी मात्र निराळाच विचार करायची. त्या भल्या माणसाला घरी एखादी पोर असेल का? तो उशिरा घरी आला तेव्हा ती उपाशी बसली असेल का? हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी एकदा पाळकसाहेबांना विचारलंही. ते म्हणाले, फार चिकित्सा करू नये.

आता खरं सांगायचं तर आई मला कधी उपाशी ठेवत नव्हती, मारत नव्हती, कपडालत्ता वेळेवर होता. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. शनिवारी ती सगळ्यांच्या डोक्याला तेल लावायची. जिच्या डोक्यात उवा-खवडे जास्त तिचा नंबर आधी. माझं डोकं साफ असायचं, म्हणून मी शेवटी. तोवर तिचे हात दुखून आलेले असत आणि माझ्या डोक्यावर दोन थापा पडत. मी एकदा मुद्दाम त्या म्हातारीच्या फणीनं केस विंचरले, उवा झाल्या की नंबर वर सरकेल म्हणून. उवा झाल्या. आईनं रॉकेल लावून फडक्यात डोकं बांधलं आणि ती पुन्हा म्हातारीकडे गेली.

अठराव्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा आमच्याच चर्चच्या मंडळीतला, पूर्णेला रेल्वेत फिटर. माणूस कमी बोलणारा आणि पोटात माया असणारा होता. घरी कुणी नाही, सासू नाही, नणंद नाही, आणि रोज संध्याकाळी आगगाडीच्या धुरानं काळा झालेला हा माणूस माझ्याच एकटीकडे यायचा. मला वाटलं, झालं, सुटले.

पण पूर्णेला शेजारच्या बाया सारख्या माहेराबद्दल बोलायच्या. माहेराहून हे आलं, पंचमीला माहेरी गेले, आईनं असं केलं. त्यांचं ऐकून माझ्या लक्षात आलं की माहेर हे सासरी गेल्यावरच मिळतं. म्हणजे आता मलाही ते मिळणार. मला दिवस गेले तशी मी मनातल्या मनात सगळं मांडूनच ठेवलं. सातव्या महिन्यात आई न्यायला येईल. आतल्या खोलीतली बाज माझी. खाली शेगडी, दाराला पडदा, डिंकाचे लाडू, आणि आईचे ते तेलाचे हात माझ्या एकटीच्या पाठीवर. जिनं गावभरच्या बायांची बाळंतपणं केली तिच्या घरात लेकीचं बाळंतपण, आता तरी माझा नंबर पहिला लागणार.

आई न्यायला आली नाही. तिची चिठ्ठी आली, की दवाखाना सोडून निघता येत नाही, जावयाला म्हणावं गाडीत बसवून द्या. नवऱ्यानं मला मानवत रोडपर्यंत आणून सोडलं. तिथून दवाखान्यातली झाडणारी मावशी बैलगाडी घेऊन आली होती. धुळीनं माखून मी घरी पोचले. आईनं अंगणात मला जवळ घेतलं, पोटावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "आतल्या खोलीत जाऊ नगस. ती आत्ताच झोपलीय."

"कोण?"

आईनं मला कडुनिंबाखाली नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. राणीसावरगावच्याही पुढं कुठंतरी एका शेतकऱ्याच्या घरची ही सून. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. आणि आता पोटुशी. कुणापासून, ते आईनं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. भावानं बैलगाडीत घालून इतक्या लांब आणली, दवाखान्याच्या दारात उतरवली आणि "बाई, आता तुमीच बगा" एवढं बोलून तो मागं न बघता गेला. गावात त्यानं सांगितलं होतं की बहीण नांदेडकडे मावशीला भेटायला गेली आहे. पण सासरच्यांना ते पटलं नव्हतं. त्यांची माणसं चौकशी करत फिरत होती.

"हिचं नाव-गाव तोंडातून काढायचं न्हाई," आई म्हणाली. "त्यांना कळलं तर येऊन घिऊन जातील. आन घिऊन गेले की हीर काय लांब न्हाई."

मी मान हलवली. मला सगळं समजलं होतं. तरी मनात एकच गोष्ट घोळत होती, की बाज गेली.

दुपारी ती उठून बाहेर आली. माझ्याच वयाची. गोरीपान, डोळे खाली. पोट माझ्यापेक्षा थोडं मोठं. अंगावर माझं निळ्या काठाचं लुगडं होतं, लग्नाआधी मी खुंटीवर ठेवून गेले होते ते. हातात माझ्या हिरव्या बांगड्या. आईनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तिच्याजवळ अंगावरच्या एका लुगड्याबिगर काय बी नव्हतं. आन रिकामं मनगट बघितलं की लोक इचारतात." मी म्हणाले, "असू दे की." तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी म्हणत होते, असू दे की.

डिंकाचे लाडू केलेले होते. डबा मी उघडला तेव्हा अर्धा रिकामा होता. तिच्या अंगात रक्त कमी आहे, आई म्हणाली. रोज सकाळी आई लाकडी नळी घेऊन आमची पोटं तपासायची. आधी तिचं. तिचं मूल आडवं होतं. आई कितीतरी वेळ तिच्या पोटावर हात ठेवून बसायची, हलक्या हातानं मूल फिरवायला बघायची, कपाळाला आठी घालून कान लावायची. मग माझ्याकडे यायची, क्षणभर नळी लावायची आणि म्हणायची, "तुझं बेस हाय." आणि उठायची. बेस असल्याचा इतका राग दुसऱ्या कुणा गर्भारणीला आला नसेल. माझंही मूल आडवं होऊ दे अशी प्रार्थना मी केली नाही. पण ती करायची नाही हे मला स्वतःला बजावून सांगावं लागलं होतं.

माझं तोंड उतरलेलं बघून आई एकदा म्हणाली, "पोटात दुखायलंय का गं?"

"व्हय," मी म्हणाले, "लय दुखायलंय."

ती बिचारी नळी आणायला धावली. मला कसलं पोटात दुखतंय हे तिच्या कधी ध्यानात येणार नव्हतं. ती तशी फार साधी होती. दुसऱ्याचं बरं चाललेलं बघून माणसाच्या पोटात दुखतं हा आजार तिच्या शिकण्यात आलेलाच नव्हता.

आणि त्या बाईचं बरं चाललेलं होतं असं तरी कोण म्हणेल? तिचा भाऊ मागं न बघता गेला होता. ती दाराच्या आवाजाला दचकायची. बैलगाडीची घुंगरं वाजली की भिंतीला चिकटून उभी राहायची. मी हे सगळं बघत होते. बघून मला तिची कीव यायला हवी होती. थोडी यायचीही, आई आसपास नसली की. आई आली, तिच्या पाठीवर हात ठेवला, की माझी कीव तिथंच विरायची.

एकदा आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी मुद्दाम विचारलं, "तुला माहेर न्हाई का गं?"

तिनं मेथीची काडी मोडली. "व्हतं," ती म्हणाली. मग जराशानं, "माय म्हनल्यात, आता हेच."

आईला ती माय म्हणत होती. सगळं गाव बाई म्हणायचं, दवाखान्यातल्या आजारी म्हाताऱ्या बाई म्हणायच्या, आणि ही चार आठवड्यांची आलेली माय म्हणत होती. मी आईला गाठून सांगितलं, "तिला बाई म्हणायला सांग."

"कामून?"

"सगळे बाईच म्हणतात."

"म्हणू दे की तिला. तेवढ्यानं माझं काय झिजायलंय?" आई हसून म्हणाली.

तिचं झिजत नव्हतं. झिजत होतं ते माझं, पण हे मोठ्यानं बोलायला पुरेल एवढी माझी हिंमत नव्हती.

आठव्या महिन्यात माझे हातपाय सुजले. बोटातली लग्नाची अंगठी रुतायला लागली. आईनं साबण लावून ती काढली आणि मनगटातल्या बांगड्याही काढल्या. काळी पोत आमच्या मंडळीत त्या वेळी घालत नसत आणि कुंकू तर नव्हतंच. म्हणजे माझ्या अंगावर लग्न झाल्याची एकही खूण उरली नाही. त्या वेळी आम्हाला कुणालाच त्यात काही वाटलं नाही. साबणाचा हात धुवून आई दुसऱ्या कामाला लागली.

मग नववा सरत आला तेव्हा ती दुपार आली. आई पुढं दवाखान्यात एका माणसाचा पाय धूत होती. मी मागच्या विहिरीवर अंघोळ करून, कपडे पिळून घेत होते. तेवढ्यात पाटलाच्या आळीतल्या पाच-सहा बाया आल्या. त्यातल्या बहुतेकींची बाळंतपणं आईनं केलेली. बाईची लेक पहिलटकरीण आहे, माहेरी आली आहे, हे त्यांनी ऐकलेलं. आपल्या रीतीनं तिची ओटी भरायची असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. तबकात गहू, नारळ, खण, सुपारी असं सगळं घेऊन त्या बाजूच्या दारानं सरळ आतल्या खोलीत गेल्या. बाजेवर एक पोटुशी बाई बसलेली. अंगावर बाईच्या लेकीचं निळ्या काठाचं लुगडं, जे त्यातल्या दोघींनी आमच्या दोरीवर वाळत घातलेलं बघितलेलं होतं. हातात हिरव्या बांगड्या. कपाळ मोकळं. किरिस्तावाच्या लेकीचं कपाळ मोकळंच असणार. मी तीन-चार वर्षांपूर्वी परकरी पोर म्हणून गावात दिसायची, लग्नानंतर कुणी मला नीट बघितलेलं नव्हतं, आणि आता तर माझं तोंडही सुजलेलं होतं. त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं.

मी बादली घेऊन दारात आले तेव्हा ओटी भरणं चाललं होतं. एक म्हणत होती, "तुमच्यात कुंकू चालत न्हाई, ते म्हायती हाय बाई आमाला. नुसती वटी भरतो." आणि ओंजळीनं गहू तिच्या पदरात पडत होते. ती थिजून बसली होती. विधवेची ओटी कुणी भरत नाही. तिला हे ठाऊक होतं, ज्या भरत होत्या त्यांना ठाऊक झालं असतं तर त्यांनी तबक जागच्या जागी टाकलं असतं.

माझी ओटी. माझ्या माहेरात, माझ्या बाजेवर, माझ्या लुगड्याच्या पदरात. मी दाराशी उभी, अंगावर जुनेर, केस ओले, मनगटं रिकामी, आणि हातात बादली.

तेवढ्यात आई आली. हात ओले होते, औषधी पाण्याचा वास येत होता. तिनं बघितलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

"बाई, तुमच्या लेकीची वटी भरायलोत," एकजण कौतुकानं म्हणाली. "तुमी आमच्यासाठी इतकं केलं. आमी कवा करायचं?"

आई खोटं बोलत नसे. कधीच नाही. आजाऱ्याला सुद्धा ती "दुखंल" असंच सांगायची, दुखणार नाही असं म्हणायची नाही. तिला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना.

त्या बायांच्यात एक पाहुणी होती. वयस्कर, अंगानं वाळकी, डोळे बारीक. राणीसावरगावाकडची, कुणाच्या तरी सुनेची आई, असं मागून कळलं; पळालेल्या त्या सुनेबद्दल तिनं नुसतं ऐकलं होतं, तिला कधी बघितलेलं नव्हतं. ओटी भरण्यात तिचं लक्ष नव्हतं. ती घर बघत होती. कोपरे बघत होती. बाई एका रंडक्या पोटुशीला लपवून ठेवते अशी कुजबुज आधीच गावात होती, आणि ही बाई तीच बघायला आली आहे हे तिच्या नजरेवरून सरळ कळत होतं. तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मोकळं कपाळ, रिकामी मनगटं, पुढं आलेलं पोट.

"आन ही कोण?" तिनं विचारलं.

सगळ्याजणी वळल्या. आईही माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी असती तर मी त्याच क्षणी खरं बोलले असते, हे आज मी ठामपणे सांगते. विनवणी नव्हती. भीती होती. आईला मी कधी भ्यालेली बघितली नव्हती. जखमेत किडे पडलेली माणसं, साप चावलेली माणसं, कशालाच ती भ्यायची नाही. आणि ती आता भ्याली होती, बाजेवरच्या तिच्यासाठी. माझ्यासाठी ती कधी अशी भ्याली नव्हती. माझं कायम बेस असायचं.

खरं माझ्या जिभेवर होतं. मी बाईची लेक आणि बाजेवर बसलीय ती विधवा, एवढंच. एका दमात बोलून झालं असतं.

"मी बाईची कुणी न्हाई," मी म्हणाले.

"मंग कुणाची?"

"कुणाचीच न्हाई."

"गाव?"

"पूर्णा."

"आन मालक?"

"मालक न्हाई."

रेल्वेत इंजिनाखाली घुसून घामाघूम होत असलेला माझा भला माणूस मी एका शब्दात नाहीसा केला. तीनदा नाही म्हणाले. पाळकसाहेबांच्या गोष्टीत येशूचा शिष्य त्याला असाच तीनदा नाकारतो आणि कोंबडा आरवतो. आमच्याकडे भर दुपार होती, कोंबड्या सावलीला बसल्या होत्या.

त्या बायांनी लुगड्याचे घोळ आवरून घेतले. मी दारात उभी होते, त्यांचा पदर मला लागू नये म्हणून त्या सरकल्या. "ही व्हय ती," एक दुसरीला म्हणाली. "बाई, तुमी बी कुणाला बी ठिवून घेता. लेकीचं बाळंतपण घरात, आन असली अवदसा समोर ठिवायची?" दुसरी मला म्हणाली, "तोंड घिऊन मागं जा की गं. पहिलटकरणीच्या समोर कशाला हुबी राहिलीस?" ही जी बोलली तिला लहानपणी मी घरातून ताक नेऊन द्यायची.

पाहुणीनं मला खालून वर न्याहाळलं. "पूर्णेची म्हन," ती पुटपुटली, आणि तिचा रस संपला. तिला हवी होती ती पूर्णेची नव्हती. बाजेवर बसलेलीकडे तिनं पुन्हा बघितलंसुद्धा नाही. बाईच्या लेकीकडे काय बघायचं?

मग त्यांनी तिला नाव घ्यायचा आग्रह सुरू केला. "नवऱ्याचं नाव घ्या की, लाजायचं काय त्यात?" तिच्या ओठाला रंग नव्हता. तेव्हा आईचा आवाज फुटला. "तिला बोलायला लावू नगा. मूल आडवं हाय, तिला तकलीफ हाय. आता पडू द्या तिला." यात एक अक्षर खोटं नव्हतं. बायांनी च्यक् च्यक् केलं, तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि गेल्या.

ही गोष्ट आईनं पुढं आयुष्यभर सांगितली. बायकांच्या प्रार्थनासभेत, नव्या नर्सांना, माझ्या नवऱ्याला, माझ्या मुलांना. माझ्या लेकीनं दुसरीचा जीव वाचवायला स्वतःवर शिंतोडे घेतले, म्हणून. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. मी खाली मान घालून बसायची आणि लोक म्हणायचे, केवढी नम्र आहे. मी कितीतरी वेळा आत शोधून बघितलं, तिथं दया कुठं सापडते का. सापडत नाही. मी आईला दुखवायला बोलले होते. तुला इतक्या लेकी आहेत ना, मग घे, मी तुझी कुणी नाही. चारचौघांत, तुझ्या तोंडावर. ते वाक्य त्या बाईला लागलं नाही, पाहुणीला लागलं नाही, ते आईसाठी होतं. आणि आईनं ते सोन्यासारखं जपून ठेवलं.

त्या विधवेला आईनं चार दिवसांनी मोठ्या दवाखान्यात नेलं, कारण मूल काही केल्या फिरेना. स्वतः बरोबर गेली. त्याच आठवड्यात माझे दिवस भरले आणि माझं बाळंतपण गावच्या सुइणीनं केलं. मुलगा झाला. बेस होता. तिला मुलगी झाली. पुढं ती तिकडंच राहिली, नर्सिंग शिकली, आणि दर नाताळला लेकीला घेऊन आमच्या घरी येत राहिली, माहेरी. मीही यायची. रझाकारांच्या धामधुमीच्या दिवसांतही ती वाट काढून आली होती, आणि त्या वर्षी मला येता आलं नव्हतं, हे आईनं मला पत्रातून दोनदा कळवलं. तिच्याबद्दल आज माझ्या मनात वाईट काही नाही. चांगलंही फार आहे असं म्हणवत नाही.

पण त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाया अंगणाबाहेर गेल्या, आईनं दार लावलं. मला वाटलं ती आत जाईल. ती आत गेली नाही. ती माझ्यापुढं जमिनीवर बसली, मला खाली बसवलं, माझे सुजलेले पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि रडायला लागली. "काय काय बोलल्या गं माझ्या पोरीला," एवढंच तिला पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं. तिचे हात माझ्या पावलांवरून, घोट्यांवरून फिरत होते. वीस वर्षं मी या हातांची वाट बघितली होती. घाई नव्हती, कुणाकडे उठून जायचं नव्हतं. मी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. कधी नव्हे ते माझ्या पोटात दुखत नव्हतं.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. पदर तोंडात कोंबून माणूस रडतं तसा. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग बाज करकरली, ती उठायला गेली असावी, आणि पदरातले गहू फरशीवर सांडल्याचा आवाज झाला. ते ती गोळा करत होती, वाकता येत नसताना, हुंदके देत. आईलाही ऐकू येत होतं. आईचे हात थांबले नाहीत. ती तशीच बसून राहिली, माझ्यापाशी.

आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "आई, आत जा. ती एकटी हाय."

कुठून आलं ते मला ठाऊक नाही. पण आलं खरं. आईनं माझ्याकडे बघितलं, पदरानं डोळे पुसले, माझे पाय हळूच खाली ठेवले आणि उठली. लगेच उठली. आतून तिचा आवाज ऐकू आला, "उठ माय, राहू दे ते, मी गोळा करते."

जा, असं मीच म्हटलं होतं, कबूल आहे. पण एकदा तरी तिनं म्हणायचं होतं, "थांब गं, बसते जराशी."